सहाच्या कंटेनरआधी

दुपारी सव्वादोनला निफाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये बावीस बायकांनी हातमोजे काढून टेबलांवर ठेवले आणि त्या बाहेर पत्र्याच्या सावलीत जाऊन बसल्या. परदेशी जाणारी द्राक्षं आत उघडीच राहिली. कंटेनर सहाला निघायचा होता आणि सहाशे पेट्या भरायच्या बाकी होत्या.

सुपरवायझर छायाला कारण ठाऊक होतं. बायकांत चुरस लागावी म्हणून ती आठवडाभर रोज दुपारी, सर्वांत कमी पेट्या भरणारीचं नाव फळ्यावर लाल खडूने लिहीत होती आणि माइकवरून वाचून दाखवत होती. आज चौथ्यांदा मैनाचं नाव लागलं होतं.

मॅनेजर किशोर तणतणत आला. "छायाताई, सांगा त्यांना. उद्या दुसरी टोळी आणतो."

"टोळी उद्या येईल, सर. कंटेनर आज जायचाय."

ती बाहेर गेली. कोणी सरकून जागा दिली नाही.

"मैना लय हळू हाय, नाय का म्याडम?" विठाबाईने विचारलं. "तिच्या टेबलावर कुणाचे घड येत्यात, ते पाह्यलं का कधी?"

छायाने पाहिलं नव्हतं. विठाबाईनेच सांगितलं. नव्याने आलेल्या दोघींना कात्री जमत नव्हती. तडकलेला मणी काढताना शेजारचे दोन फुटायचे. मैना स्वतःची पेटी बाजूला ठेवून त्यांचे घड नीट करून द्यायची. म्हणून तर आठवडाभरात एकही पेटी तपासणीतून परत आली नव्हती, आणि त्याची शाबासकी छायाने घेतली होती.

"बोल की," भिमाबाई म्हणाली. "माइकवर तर थांबत नाय." दोघीतिघी हसल्या.

"चुकलं माझं. मी नुसत्या पेट्या मोजल्या," छाया म्हणाली. "मैनाबाई, त्या दोघींचे घड आता मी निवडते. तुम्ही फक्त तुमचं काम करा."

मैनाने मान वर केली नाही. "माझं काम कोणतं, ते तू ठरवनार व्हय?"

छाया मागे वळली. ती आत गेली, फळा पुसला, हातमोजे चढवले आणि नव्या दोघींच्या टेबलावर बसली. दहा मिनिटांनी त्या दोघी आल्या. मग विठाबाई आली. तीनपर्यंत एकवीस जणी टेबलांवर होत्या. छायाने याआधी कात्री धरली होती, त्याला पाच वर्षं झाली होती.

पाच चाळीसला नव्वद पेट्या बाकी होत्या. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. तपासणीतून आठवड्यातली पहिली पेटी परत आली. ती छायाच्या टेबलावरची होती. मैना अजून बाहेरच बसली होती.