दालचिनीचा वास

मोहिनीनं हातमोजे चढवले आणि ब्रश उचलला. नवरीच्या शालूत आरशासमोर बसलेल्या प्राचीनं तो आईच्या हातून हळूच काढून घेतला.

"आई, नको. मागल्या वेळी मोज्यांतूनबी पुरळ उठलं व्हतं."

नारायणगावात मोहिनीचं पार्लर होतं. आसपासच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्या तिच्याच हातून सजून बोहल्यावर चढल्या होत्या. आज पोटच्या पोरीला सजवायला मंचरहून दुसरी बाई बोलवावी लागली होती.

आधी मोहिनीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मग मनगटं सोलवटली, मग पापण्या. गावातली मलमं झाली, अंगारे झाले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं. दालचिनीला जो वास असतो, त्यातलाच एक पदार्थ तिच्या कातडीला सोसत नव्हता. आणि तो नव्हता कुठे? क्रीममध्ये, साबणात, टूथपेस्टमध्ये, अत्तरात, गरम मसाल्यात. डब्यावर नुसतं 'सुगंध' एवढंच छापलेलं असायचं. आत काय, ते कुणाला ठाऊक!

पार्लर बंद झालं. मोहिनी मिठानं दात घासू लागली, मटणाचा रस्सा मसाल्याविना करू लागली. तरी कुणी पावडर लावलेली बाई मायेनं बिलगली, की चेहऱ्याची आग आग व्हायची. बायका येईनाशा झाल्या. एकदा ती नवऱ्याला, गोरखला, म्हणाली, "मला शेतातल्या खोलीत ऱ्हाऊ द्या. माझ्यापायी तुमाला चव न्हाई का ढव न्हाई." गोरख उठून देवापुढची उदबत्ती विझवून आला.

मंगल कार्यालयाच्या दारात पाहुण्यांना अत्तर लावत होते. मोहिनीनं मागच्या दाराशी उभं राहून अक्षता टाकल्या. त्या मधल्या खुर्च्यांवरच पडल्या.

सासरी, शिनोलीला निघताना प्राची आईपासून दोन पावलांवर थांबली. चेहरा रंगवलेला, अंगभर अत्तर.

"हितूनच पाया पडते," म्हणत ती वाकली.

मोहिनी पुढे झाली. तिला उठवून कवेत घेतलं, गालाला गाल लावला.

"आई, सोड ना. तरास व्हईल."

मोहिनीनं सोडलं नाही. शेवटी बायकांनीच दोघींना वेगळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे सुजून पार मिटले होते. गोरख गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होता. तेवढ्यात प्राचीचा फोन आला. त्यानं तो तिच्या कानाशी धरला.

"आई, डोळं कसं हायेत?"

"काय न्हाई झालं," मोहिनी म्हणाली. "सासूबाईंना चहा दिलास का?"

बोलताना पट्टी घसरली. गोरखनं ती उचलली, भिजवली आणि पुन्हा तिच्या पापण्यांवर ठेवली.