सुन-रेला कुठे पुरलं?

"अंगठा आत घे गं, नाहीतर कालव राहील बाजूला आणि अंगठाच बादलीत जाईल," ओक-नाम म्हणाली, आणि लांबलचक टेबलाभोवती उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसल्या. बांग मि-रानही हसली. कादंबऱ्या लिहून साठीला टेकलेली बाई, आणि एक शिंपला उघडता येत नव्हता.

ती याच गावची, दक्षिण किनाऱ्यावरच्या तोंगयोंगची. वरच्या आळीतून तिला कालवं सोलायच्या या शेडचे पत्रे रोज दिसत, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. नवीन कादंबरी कालवं सोलणाऱ्या सुन-रे नावाच्या बाईवर होती. इंटरनेटवरच्या फिती पाहून तिने तीन प्रकरणं लिहिलीही होती. वाचून बघितली तर तिच्या कथेतली कालवं बिस्किटाच्या डब्यासारखी टपाटप उघडत होती. म्हणून ती शेडच्या मालकाकडे गेली. नुसतं बघत बसायचं नाही, हात चालवायचे, एवढीच त्याची अट.

ओले हातमोजे घालून टिपणं काढता येत नाहीत. तेव्हा सगळ्यांना विचारून तिने फोन खिशात चालू ठेवला. बोलणं ऐकून ते लिहून काढणारी सोय होती त्यात. पण फोनला कळायची फक्त राजधानी सोलची शुद्ध भाषा, इथली बोली नव्हे. ओक-नामने सुनेला मनसोक्त दिलेल्या शिव्या घरी उघडून बघितल्या, तर तिथे हवामानाचा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी मि-रानने तो शेडमध्ये वाचून दाखवला. ओक-नामला चाकू खाली ठेवून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून लेखिकाबाई त्यांच्यातली झाली.

कादंबरी पुरी झाली तसा सोलहून संपादकाचा फोन आला. प्यो नावाचा सज्जन माणूस. वाईट बातमी सांगायच्या आधी तो नेहमी तिच्या तब्येतीची चौकशी करी. पुस्तकाची दुकानं हल्ली कादंबऱ्या ठेवायला कुरकुरतात, म्हणाला. प्रती थोड्याच काढू. मात्र लोक कानाने ऐकतात, तेव्हा पुस्तक संगणकाच्या आवाजात वाचून घेऊ. नमुना त्याने पाठवलाच होता.

मि-रानने तो शेडमध्ये लावला. सुन-रे शेजारणीला 'जेवलीस का गं' विचारते तो प्रसंग होता.

"ही जेवण विचारतेय का बँकेतली शिल्लक सांगतेय?" ओक-नाम म्हणाली.

मल-जा त्या सगळ्यांत वडील. ती क्वचितच बोले. "तूच वाच की," ती म्हणाली.

मि-रानने प्योला तसं कळवलं. तो अडखळला. आवाज छान आहे तुमचा, पण थोडा दमलेला वाटतो, म्हणाला.

"सुन-रेसुद्धा दमलेलीच आहे," मि-रान म्हणाली. मग त्याने ध्वनिमुद्रणाची तारीख ठरवली.

सराव म्हणून ती टेबलाच्या टोकाला उभी राहून रोज एक प्रकरण वाची. बायका सोलता सोलता ऐकत. सुन-रेच्या नवऱ्याला सगळ्यांनी मिळून नावं ठेवली, तिच्या लेकीच्या लग्नात आहेर काय द्यावा यावर वाद घातला. आणि मग शेवटचं प्रकरण आलं. त्याची शेवटची ओळ होती: 'त्या हिवाळ्यात सुन-रे गेली.'

"गेली म्हणजे? कुठे गेली?" ओक-नामने विचारलं.

"वारली."

त्या दिवशी मि-रानला कुणी कॉफी दिली नाही. पुस्तक छापायला गेलंय, आता काही बदलता येत नाही, असं ती परोपरीने सांगत राहिली. शेवटी मल-जाने मान वर केली.

"मरू दे. माणसं मरतात. पण जन्मभर राबली ती बाई आणि तू तिला एका ओळीत उरकलीस. कोण आलं, मयताच्या जेवणाचा रस्सा कुणी ढवळला, खांदा कुणी दिला? कुठे पुरलं तरी सांगशील?"

मि-रानला त्या ओळीचा फार अभिमान होता. घरी जाऊन तिने ती पुन्हा वाचली, आणि या वेळी ती तिला नुसतीच आखूड वाटली.

मग तिने फक्त ऐकण्याच्या पुस्तकासाठी एक जादा प्रकरण लिहायला घेतलं, सुन-रेच्या अंत्यविधीचं. शेडने त्यात हात राखला नाही. गोमांसाच्या रश्श्यात तिखट किती, यावर दोन दिवस भांडण चाललं. दारू पिऊन गाणारा दीर कुणाच्या तरी घरचा खराखुरा होता. ओक-नामला स्वतःलाच त्या प्रकरणात यायचं होतं. "पण मी रडणार नाही," तिने बजावलं. "मी वाढणार."

छापलेल्याचा शेवट एक आणि ऐकायचा दुसरा, हे चालणार कसं, प्योने विचारलं. ज्याला मयताला यायचंय तो ऐकेल, मि-रान म्हणाली. ध्वनिमुद्रण ऐकून त्याने पुन्हा फोन केला. राहू दे ते प्रकरण, एवढंच म्हणाला. नाक चोंदल्यासारखा आवाज येत होता त्याचा.

छापल्या त्या थोड्या प्रतीही न खपता खोक्यांतून परत आल्या आणि मि-रानच्या गॅलरीत रचल्या गेल्या. पण आवाज लोकांपर्यंत पोचला. टॅक्सीत, रुग्णांच्या उशाशी, दुसऱ्या गावांच्या शेडमध्ये सुन-रे ऐकली जाऊ लागली.

पुढच्या हंगामात मि-रान भेटायला गेली, तर ओक-नाम सांगायला टपलेलीच होती. देगू शहरातून सकाळीच एक बाई आली होती, इस्पितळात रुग्णांची देखभाल करणारी. सुन-रेला कुठे पुरलंय, विचारत होती.

"मग? काय सांगितलंत?"

"सांगायचं काय? दाखवलं."

मि-रानला ती थट्टाच वाटली, पण कुणीच हसलं नाही. मल-जाने एक कालव उघडून बादलीत टाकलं.

"वर टेकडीवर पाठवली तिला," ती म्हणाली. "माझ्या आईकडे. तिनेही आयुष्यभर हेच केलं. माझे गुडघे आता चढत नाहीत. बरं, ती बाई एवढ्या लांबून आलेली. रिकामी कशी पाठवायची?"

दुपारी मि-रान टेकडी चढून गेली. थडग्याच्या मातीच्या उंचवट्यावरचं गवत कुणीतरी हाताने उपटून साफ केलं होतं. कागदी थाळीत नैवेद्याचं सोललेलं पेअर होतं, आणि वाहिलेल्या तांदळाच्या दारूने माती अजून ओलसर होती. दगडावर नवऱ्याचं नाव कोरलेलं. त्याखाली नुसतं 'पत्नी'.

तिने मल-जाला फोन लावला आणि आईचं नाव विचारलं.

पलीकडे चाकू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"जम-सून," मल-जा म्हणाली. "का गं?"

"काही नाही," मि-रान म्हणाली. चपला बाजूला काढून ती गवतावर गुडघे टेकून बसली, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली आणि ते नाव तिने मोठ्याने घेतलं.