अर्धा सूर खाली

खालचा आवाज एकट्यानं गायला तर त्याला गाणं म्हणवत नाही. आम्ही बहिणी गायचो त्या युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या दोन आवाजांच्या रचनांमध्ये वाद्य नसतं. वरचा आवाज नाचतो, बागडतो, आणि खालच्यानं एकेक सूर धरून उभं राहायचं. चाळीस वर्षं मी तेच करत आले. आता घरी एकटीच रियाज करते. शेजारणीनं एकदा दार वाजवून विचारलं, तुमचा फ्रीज बिघडलाय का? मी म्हटलं, हो, जुना झालाय.

वरचा आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा. अकरा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांच्या घोळक्यात मी गमतीनं म्हटलं, "हिला सूर मी देते, नाहीतर ही हवेत उडून जाईल." सगळे हसले. ती हसली नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला, शाल उचलली आणि निघून गेली. जिभेला हाड नसतं हे खरं, पण माफी मागायलाही तीच जीभ लागते, आणि ती माझी तेव्हा वळली नाही. दिवस गेले तसं ते आणखीच अवघड होत गेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातल्या आम्ही दोघी.

मग भोंगा आला. भोंगा म्हणजे जॅझवाला सॅक्सोफोनवादक. सगळे त्याला याच नावानं हाक मारतात आणि तोही ते मिरवतो. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. डोंगरातल्या बायकांचं एक जुनं लोकगीत घ्यायचं, ते आमच्या पद्धतीनं दोन आवाजांत बांधायचं आणि त्यावर त्यानं मनाला येईल तसं वाजवायचं. दोन आवाज म्हणजे आम्ही दोघीच, दुसरं कुणी त्याला चालणार नव्हतं. मी म्हटलं, ती माझ्यासोबत एका खोलीत उभी राहणार नाही. तो म्हणाला, कशाला राहायला हवं? मंगळवारी तुम्ही गा, गुरुवारी त्या तुमचा आवाज हेडफोनमधून ऐकत गातील. तिनं तर होकार देऊनही टाकला होता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. साथीला वाद्य नसलं की माझा सूर हळूहळू उतरतो. लांबलचक रचनेत शेवटी शेवटी मी चांगली अर्धा सूर खाली आलेली असते. खोड जुनी आहे. लोकांना ती कधीच कळली नाही, कारण धाकटीला माझा उतार पाठ होता. मी जितकी उतरायचे तितकीच तीही उतरायची, जिन्यावरून हात धरून उतरावं तशी. तेव्हा सूर मी तिला देत होते की ती मला सांभाळून घेत होती, याचा विचार मी त्या घोळक्यात तोंड उघडण्याआधी करायला हवा होता.

मंगळवारी रेकॉर्डिस्टनं विचारलं, कानात पट्टीचा सूर देऊ का? मी नको म्हटलं. गायले, आणि उतरले. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. यंत्रावर चुटकीसरशी वर आणतो म्हणाला. मी त्याला हात लावू दिला नाही. तिला जसं आहे तसंच ऐकव, म्हटलं. ती माझ्याबरोबर उतरली, तर मी तिला फोन करणार होते. मला त्या रेकॉर्डमधून दुसरं काहीच नको होतं.

शुक्रवारी सकाळी मी न बोलावता स्टुडिओत जाऊन बसले. रेकॉर्डिस्टनं आम्हा दोघींचं एकत्र केलेलं गाणं लावलं. तिचा आवाज थोडा जाड झालाय, श्वास आखूड झालाय. पण तीच. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. मग माझा उतार सुरू झाला. मी उतरले, आणि ती वरच राहिली. शेवटचा सूर आम्ही दोघींनी धरला तो एकमेकींना घासत. ऐकताना दात आंबले.

तिनं हेडफोन लावले होते ना, मी विचारलं.

"लावले होते," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तीनदा ऐकलं त्यांनी तुम्हाला. मग गायल्या."

म्हणजे सगळं ऐकून, जाणूनबुजून. मी पर्स उचलली आणि म्हटलं, आण मला वर यंत्रानं. पण तिथंच बसलेला भोंगा मध्ये पडला. त्याला तो घासणारा शेवटच हवा होता. त्यानं सॅक्सोफोन काढला आणि आम्हा दोघींच्या मधल्या त्या फटीत इतकं हळू वाजवलं, की मला तिथं बसवेना. बस पकडून घरी आले. फोन केला नाही.

रेकॉर्ड निघाली, गाजली. त्या शेवटाला लोक धाडस म्हणतात. मी दुपारी कधीतरी ती लावते, आणि शेवट यायच्या आत उठून बंद करते.

परवा एका मासिकाच्या बाईंचा फोन आला. लेख लिहीत होत्या. थेट शेवटाबद्दलच विचारायला लागल्या. साठी उलटलेल्या बाईचा सूर उतरला, हे आता छापून येणार.

"तुमच्या बहिणीशी बोलणं झालंय माझं," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, ही कल्पना ताईचीच. ताईनं मला बजावलं होतं, मी खाली उतरेन, पण तू अजिबात हलायचं नाहीस. बरोबर आहे ना हे?"

असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आणखी काय म्हणाली ती?"

त्यांनी कागद चाळले. आणखी काही नाही, म्हणाल्या.