क्लचखालचा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. अंगठ्याएवढा. क्लचच्या पेडलमागच्या अंधारात राहतो. कारखान्यातून निघालो तेव्हापासून माझं काम एकच, पेडल दाबलं की कळवायचं. एका घरगुती गाडीत अकरा वर्षं इमानानं कळवलं. ती भंगारात गेली आणि मी एका मेकॅनिकच्या डब्यात पडलो, गंजक्या नटांच्या सोबतीला.

एके दिवशी त्याची बोटं मला शोधत आली. त्याची भाची घाटातल्या शर्यतीत गाडी चालवायची. तो तिला भिंगरी म्हणे. मागच्या खेपेला गिअर बदलताना तिचा पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला. क्लच दाबताच चाकांपासून सुटलेलं इंजिन किंचाळत बेफाम फिरलं आणि फुटलं. मामानं सुटे भाग जमवून दुसरं उभं केलं. तिसरं मिळणार नव्हतं. तेव्हापासून भिंगरी दर गिअरला धास्तीनं पाय उचले आणि वेळ हातची जाई. आता चाचणीत बावन्न सेकंदांच्या आत माथा गाठला नाही, तर संघात जागा नव्हती.

"पाय उचलायचाच नाही," मामा म्हणाला. "तू क्लच दाबलास की हा खटका इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगेल. मग इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर अडून राहील. क्लच सोडलास की पुन्हा मोकळं."

"आणि यानं नाही सांगितलं तर?"

"तर मी आहेच बोलणी खायला."

त्यानं उकिडवं बसून, हातानं पेडल दाबून मला बसवलं. पहिल्याच सरळ रस्त्यावर मी नको तेव्हा कळवत राहिलो आणि गाडीनं उचक्या दिल्या. भिंगरी तणतणत उतरली.

"मामा, मी क्लच दाबलाच नव्हता!"

"दाबला नव्हतास, पण पाय टेकवून बसली होतीस. आरामखुर्ची आहे का ती?"

"मग हातानं मोजलंसच कशाला? गाडी मी पायानं चालवते!"

मामा खो खो हसला आणि कान पकडून कामाला लागला. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, एक चाक जॅकवर उचललेलं. भिंगरी शर्यतीचे बूट घालून आत बसली. "हळू दाब," म्हणत मामा दोन्ही हातांनी चाकाशी झटत राहिला. चाक हलेना. पेडल खाली, आणखी खाली गेलं, आणि चाक एकदम गरकन फिरलं.

"थांब! इथंच इंजिन चाकापासून सुटतं!" मला तिथंच घट्ट आवळलं.

मग चाचणी. पहिल्या वळणानंतर तिचा डावा पाय आला. मी कळवलं. आभाळ फाडणारं ते इंजिन जागच्या जागी थरथरत राहिलं. उजवा पाय तसूभर उचलला गेला नाही. मित्रांनो, केवढी ती ताकद, आणि माझ्या एका शब्दासाठी थबकली होती! पापणी लवायच्या आत गिअर पडला, क्लच सुटला आणि डोंगर आमच्या अंगावर धावून आला.

एकावन्न सेकंद, सात दशांश.

लोक टाळ्या वाजवत होते. भिंगरी मात्र गाडीतच आडवी होऊन, पेडलांखाली डोकं घालून टॉर्चनं मला पाहत होती.

"मामा, एवढासा आहे हा?"

"एवढासाच."

तिनं बोटानं माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, आमची तार सैल होते, स्प्रिंग थकते. अधूनमधून उजेड घेऊन येत जा. पाय पडला, एवढंच आम्हाला सांगता येतं. दुखतंय, हे सांगता येत नाही.