खिळ्याविना हातोडी

मी हातोडी. बोलायला बसलेय खरी, पण माझ्या आयुष्याचं काय झालं ते माझं मलाच कळेना. तुम्हाला कळलं तर सांगा बाई.

डोकं लोखंडाचं, दांडा लाकडी. एका सुताराच्या हातात एकवीस वर्षं काढली. खिळा दिसला की हाणायचं, एवढंच मला ठाऊक.

मग त्याचं उजवं कोपर दुखायला लागलं. चहाचा कप उचलतानाही "आई गं!" डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. दुखणं गप्प बसलं, पण सुतारही गुंगला. एकदा फळी चार बोटं आखूड कापली आणि मोजपट्टीवरच चिडला. पुढे तर गोळी चुकली की त्याला घाम फुटायचा. बायको घाबरली. तिच्या आग्रहावरून डॉक्टरांनी गोळ्या बेताबेताने कमी करत बंद केल्या. कोपर पुन्हा ठणकू लागलं. मी पेटीत पडून. सगळा दोष माझाच, असं वाटायचं.

त्यातच जिन्याचा कठडा मोडला. वरच्या खोलीत त्याची म्हातारी आई. आधाराशिवाय तिला खाली उतरता येईना. दुसरा सुतार आणू, असं बायकोने म्हटलं, तर वरून म्हातारीचा आवाज, "लेक सुतार असताना परक्याचा कठडा? त्यापेक्षा मी वरच बरी!"

म्हातारी हट्टी आणि लेक तिच्यावरच गेलेला.

एका सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला पेटीतून काढायला लावलं. गेले भंगारात, असं मला वाटलं. तर बाई म्हणाल्या, "हात टेबलावर टेकवा, मूठ कडेबाहेर. हातोडी उभी धरा. आता सावकाश एका बाजूला कलवा, मग दुसऱ्या. फक्त दहा वेळा."

खिळा नाही, फळी नाही, आणि मी हवेत लोळतेय! अहो, हे काय चाललंय?

"दहाने काय होतंय?" म्हणत सुताराने कामाच्या झपाट्यात शंभरदा फिरवलं. दुसऱ्या दिवशी कोपर असं ठणकलं की तो ओरडला, "त्या गोळ्या आण!"

बायको जागची हलली नाही. "ओरडा हवं तेवढं. गोळ्या चालू होत्या तेव्हा तुम्ही घरात होतात, पण मला चार महिने सापडला नाहीत. मी बाईंना फोन लावते."

बाई फोनवर म्हणाल्या, "दादा, तुम्ही व्यायाम नाही केलात, खिळे ठोकलेत. चार दिवस थांबा. मग दहाच, आणि हळू."

तो चार दिवस थांबला. मग रोज दहा. कोपराखाली पट्टा बांधायचा, मध्ये विसावा घ्यायचा. कधी बरं, कधी पुन्हा कळ. तीन महिन्यांनी एका सकाळी त्याने चहा प्यायला आणि कप खाली ठेवला, तरी "आई गं" आलंच नाही.

कठड्याला रोज चारच खिळे. बारा दिवस लागले. मग म्हातारी कठडा धरून एकेक पायरी उतरली, शेवटच्या पायरीवर टेकली आणि तिने मला उचललं.

"हिच्यामुळेच दुखलं ना तुझं?"

"हो."

"आणि बरंही हिच्यामुळेच?"

"बरंचसं."

तिने मला मुठीत उभी धरली. मग हात पुढे करून म्हणाली, "माझंही मनगट धरतं रे. दहा ना? मोज."

आता सकाळी त्याचा हात, दुपारी तिचा. तिचा थरथरतो, तेव्हा माझाच जीव खालीवर होतो. मी दुखणं की औषध, कुणी सांगेल का मला? सावकाश सांगा. घाई मला आता सोसत नाही.