राजीनामा झाला आहे

सुभाष तिरोडकरांची मंगलकुंज सोसायटीवर सत्ता होती आणि त्या सत्तेचं एकमेव शस्त्र होतं एक काळा फळा. मंगलकुंज इंद्रलोकात आहे. स्वर्गातल्या नव्हे, भाईंदर पूर्वेच्या. फळा तळमजल्यावर लिफ्टशेजारी टांगलेला असे, आणि सोसायटीचे सचिव या नात्याने तिरोडकर त्यावर स्वतःच्या हाताने, मराठीत, पूर्णविरामासकट सूचना लिहीत. बाकीच्या सोसायट्यांच्या सूचना मोबाईलवर जात. तिरोडकरांचं म्हणणं असं, की मोबाईलवर ऱ्हस्व-दीर्घ आपोआप चुकतं आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात गेलं होतं. दावा नामंजूर झाला की तसं कळवणारं मराठी पत्र त्यांच्या टेबलावरून निघे. ‘आपणांस कळविण्यास खेद होतो की’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं, की स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी तशीच सुरू केली असती. सासऱ्यांनी मसुदा आधी मागवून घेतला म्हणून निभावलं.

काळाचौकीची खोली सोडून ते इथे राहायला आले, तेव्हा लिफ्टशेजारच्या पाट्यांवर परब, चेंदवणकर, साळगावकर, रेडकर अशी नावं होती. मधूनच एखादा शाह किंवा कुट्टी, चवीपुरता. मग परब विरारला गेले, साळगावकर मुलीकडे पुण्याला गेले, रेडकर तर गावीच गेले. जाणारा प्रत्येक जण तिरोडकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आता इथे आपलं माणूस राहिलं नाही हो,” आणि आपला फ्लॅट भाव बरा देणाऱ्या दुसऱ्याच माणसाला विकून मोकळा झाला. आता पाट्यांवर शाह, तिवारी, पुरोहित, चौरसिया, कुट्टी अशी नावं होती. आणि तिरोडकर, चवीपुरते.

तरी फळा मराठीच होता. भांडण झालं ते त्यावरून.

झालं असं, की तिसऱ्या मजल्यावरचे तिवारी आपली गाडी गेटात आडवी लावत. तिरोडकरांनी फळ्यावर लिहिलं, ‘गाडी आडवी लावणाऱ्यास शिक्षा होईल.’ तिवारींनी ते वाचलं, मान डोलावली आणि गाडी आडवीच लावली. वॉचमनने ठरल्याप्रमाणे चाकाला साखळी घातली. त्यानंतरच्या सभेत तिवारी उठले.

“सेक्रेटरी साहब, आपने लिखा था शिक्षा होगी. हमारे यहाँ शिक्षा मतलब पढ़ाई. हम तो सोचे, कोई आके समझाएगा. हम रुके भी रहे.”

सभा हसली. चौरसिया तर खुर्चीसकट हसले. तिवारी साळसूदपणे पुढे म्हणाले, “इसलिए बोलता हूँ, नीचे हिंदी में भी लिख दिया कीजिए.”

तिरोडकर हसले नाहीत. हसू तिवारींच्या फजितीचं होतं, पण त्यांना ते मराठीचं वाटलं. “महाराष्ट्रात शिक्षा म्हणजे शिक्षाच होते,” असं म्हणून त्यांनी सभा संपवली. अध्यक्षांनी अजून सुरुवातीचं भाषणही केलं नव्हतं.

त्यानंतर तिरोडकर आणि तिवारी लिफ्टमध्ये भेटले की दोघंही वर आकडे बघत उभे राहत.

पुण्याहून पराग फोनवर आधीपासूनच सांगत होता. “बाबा, विका ते आता. इथे आमच्या समोरच्याच कॉम्प्लेक्समध्ये बघून ठेवलंय. सगळे आपले लोक आहेत.”

“विचार करतोय,” तिरोडकर म्हणत. सभेनंतर मात्र ते म्हणाले, “ठरवतोय.”

सुचेताबाईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं. “ठरवतोय म्हणजे?”

“आधी सचिवपद सोडायचं. मग घर.”

“आणि कोणी म्हणालं, सोडू नका, तर?”

“कोण म्हणणार आहे?” असं म्हणून तिरोडकर वर्तमानपत्राच्या आड गेले. सुचेताबाईंना संसाराचा अनुभव होता. हा प्रश्न नसून अर्ज आहे, हे त्यांनी ओळखलं. पण अर्ज मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर वळणदार अक्षरात सूचना झळकली: ‘सर्व सभासदांस कळविण्यास खेद होतो की, मी आज रोजी सचिवपदाचा राजीनामा देत आहे. – सु. वि. तिरोडकर.’

खाली एक रेघ मारून ते वर आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते एरवी कधी बसत नसत. तिथे वाराही लागत नाही.

लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मंगलकुंजमधला प्रत्येक माणूस फळ्यासमोरून जाणार हे उघड होतं. चहा झाला. अंघोळ झाली. अंघोळ त्यांनी दार किलकिलं ठेवून केली, कारण बेल ऐकू आली पाहिजे. बेल वाजली नाही. एवढी वर्षं पाण्याच्या टाक्या धुवून घेतल्या, लिफ्टवाल्यांशी भांडलो, आणि एकाही मजल्यावरून कोणाला यावंसं वाटत नाही. परब बरोबर बोलला होता, आपलं माणूस राहिलं नाही.

शेवटी बेल वाजली. तिरोडकर इतक्या चपळाईने उठले, की सुचेताबाईंना त्यांच्या गुडघ्यांविषयीच्या सगळ्या तक्रारी आठवल्या.

दारात इंदुबाई होत्या, उत्तनच्या कोळीणबाई. त्या सोसायटीत एवढ्या एकाच दारी टोपली घेऊन येत. वरच्या मजल्यांवर आता मासळी चालत नसे. तरी त्यांच्यासाठी मागचा जिना उघडा ठेवायचा, हा ठराव तिरोडकरांनी सभेत मंजूर करून घेतला होता. विशेष म्हणजे तो एकमताने झाला होता, आणि सभेत मासळी खाणारा माणूस एकच होता.

“बोंबील हाय ताजा. असं त्वांड का केलंय भाऊ?”

“इंदुबाई, आता आम्ही इथून जाणार. इथे आता सगळी बाहेरची माणसं झाली.”

इंदुबाई टोपली उतरवून मनापासून हसल्या. “आमचा म्हातारा पन असाच बोलायचा. तुमची ही बिल्डिंग झाली ना, तवा. बोलायचा, मुंबैचा भायेरचा मानूस आला, आता आपला गाव ऱ्हायला न्हाय.”

“आम्ही बाहेरचे?”

“मंग काय, तुमी मिठागरात उगवले व्हते का? बोंबील कापून देऊ का तसाच?”

“तसेच द्या,” सुचेताबाई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज हसल्यासारखा होता, पण पुरावा नव्हता.

इंदुबाई जातात न जातात तोच पुन्हा बेल वाजली. या वेळी तिरोडकर सावकाश उठले. दारात तिवारी उभे होते. अंगात इस्त्रीचा कुर्ता, मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या तिवारीण आणि कॉलेजात जाणारी मुलगी शिवांगी. तिवारींच्या हातात मिठाईचा मोठा खोका होता आणि डोळे ओले होते. तिरोडकरांना वाटलं, यांच्या घरी काहीतरी झालं.

तिवारी वाकले आणि थेट त्यांच्या पायांना हात लावला.

“अहो, अहो, हे काय?”

“आप बड़े हैं. गलती हमारी थी, गाड़ी हमारी थी. और झुके आप.” तिवारींनी कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले. “सबके सामने बोर्ड पे लिख दिया. खेद भी लिखा. सचिव के नाते राजीनामा भी किया. इतना बड़ा दिल हमने नहीं देखा.”

तिरोडकरांनी तोंड उघडलं. विमा कंपनीत त्यांनी भलभलते गैरसमज दूर केले होते, पण त्यातला कुठलाच पायांना हात लावून सुरू झालेला नव्हता.

“तिवारीजी, राजीनामा म्हणजे...”

“हमको मत समझाइए. जौनपुर में हमारे ताऊजी और बाबूजी का खेत का मुकदमा था. मैं पैदा हुआ तब चल रहा था, मेरी शादी हुई तब भी चल रहा था. एक दिन ताऊजी ख़ुद कचहरी गए, बोले, राजीनामा लिखो. दोनों भाइयों का समझौता हो गया. उस दिन गाँव में पूरी-कचौड़ी बनी. राजीनामा छोटा आदमी नहीं करता, साहब. बड़ा ही करता है.”

तिरोडकरांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. तिकडे राजीनामा म्हणजे समेट. दोन्ही बाजू राजी, म्हणून राजीनामा. आपण सोडून चाललोय असं लिहिलं आणि समोरच्याने वाचलं की आपण जवळ येतोय. चूक दुरुस्त करायला हवी होती. उभ्या आयुष्यात त्यांनी शब्दाची चूक तशीच जाऊ दिलेली नव्हती. मुलीच्या मंगलाष्टकांतही त्यांनी भटजींना मध्येच थांबवलं होतं.

“ऐका, त्याचा खरा अर्थ असा की...”

तेवढ्यात तिवारीणबाईंनी खोका उघडून त्यांच्या तोंडात अख्खी इमरती घातली. इमरती तोंडात असताना राजीनामा या शब्दाची फोड करता येत नाही. तिरोडकरांनी प्रयत्न करून पाहिला.

“और एक बात,” तिवारी म्हणाले, “वो हिंदी वाली बात हम वापस लेते हैं. बोर्ड मराठी में ही रहेगा.”

“कशाला? काढू की हिंदीत पण,” तिरोडकर इमरतीतून म्हणाले आणि स्वतःच दचकले.

“नहीं. समझ में नहीं आया, तो पूछने आपके यहाँ आते हैं. शिवांगी का दाखिला, लाइट का कागज, सब आपने पढ़ के दिया. सब समझ में आने लगा, तो किस बहाने आएँगे?”

“काका, पप्पांना अर्धं कळतं,” शिवांगी स्वच्छ मराठीत म्हणाली. “ते मुद्दाम येतात. तुमच्याकडचा चहा त्यांना आवडतो. आमच्याकडे मम्मी साखर घालत नाही.”

तिवारीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एक नवीन मुकदमा उभा राहत होता. सुचेताबाईंनी घाईघाईने चहा टाकला.

मग रीघच लागली. सकाळपासून कोणी का आलं नव्हतं, तेही कळलं. तिवारींनी सगळ्यांना बजावलं होतं, पहिला मान माझा, मिठाई येईपर्यंत कोणी जायचं नाही. पुरोहित घेवर घेऊन आले. कुट्टी केळ्याचे वेफर्स घेऊन आले. ते जाताना “काँग्रॅच्युलेशन्स” म्हणाले, आणि कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. चौरसियांनी पान दिलं. सुचेताबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी याच सगळ्यांकडून दोन्ही वेळचे डबे येत होते. तेव्हा तिरोडकर म्हणाले होते, डाळीत गूळ कोण घालतं. आज ते त्यांना आठवलं आणि त्यांनी घेवर निमूटपणे संपवला.

आलं नाही ते समोरचं दार. समोर अल्पेश शाह राहत. जन्म भाईंदरचाच, दुकान स्टेशनजवळ. संध्याकाळी ते दुकानातून परतले, तेव्हा तिरोडकरांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

“अल्पेश, तुम्ही नाही आलात?”

“मी कशाला येऊ काका, मी तर नाराज आहे. राजीनामा देण्यापूर्वी शेजाऱ्याला तर विचारायचं.”

“म्हणजे तुम्हाला कळलं.”

“आमच्यात पण राजीनामुं म्हणजे राजीनामाच ना. सकाळी वाचला, तवाच पूर्वीला बोललो, काका चालले.”

“मग तिवारींना सांगितलं का नाहीत?”

“त्यांनी विचारला होता मला. बोर्डच्या समोरच उभे होते, डोळ्यात पाणी. बोलले, अल्पेशभाई, राजीनामा मतलब वही ना? मी बोललो, हां, वही. शिवांगीला पण बोललो, तू गप राहायचं.”

“खोटं बोललात.”

“खोटं कुठे? वही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलंच नाय.” अल्पेश किल्ली शोधता शोधता म्हणाले, “आणि काका, तुम्ही गेलात तर सेक्रेटरी मला बनवतील. मला मराठी शुद्धलेखन जमत नाय.”

आतून त्यांच्या बायकोचा, पूर्वीबेनचा, आवाज आला. “काकांना खरं बोला, खोटं नका बोलू. सकाळपासून जेवला नाही हा माणूस. दुकानातून चार फोन केले, काकांचं दार उघडलं का, कोण गेला का म्हणून.”

अल्पेशना किल्ली सापडली. ते तिरोडकरांकडे न बघता म्हणाले, “अॅसिडिटी आहे मला,” आणि आत गेले.

तिरोडकरांनी घरात येऊन परागला फोन लावला.

“परागा, तिकडे कोण आहेत म्हणालास?”

“आपले लोक, बाबा.”

“हां. ते इथे आहेत. जरा गर्दीच झालीय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग खडू आणि ओलं फडकं घेऊन ते खाली गेले. पिशवी घेऊन निघालेल्या सुचेताबाई मागोमाग लिफ्टमधून उतरल्या, तेव्हा ते फळ्यासमोर उभे होते. त्यांनी आधी ‘मी’ पुसला. मग ‘सचिवपदाचा’ पुसलं. ‘देत’ पुसून तिथे ‘झाला’ लिहिलं. मग ‘खेद’ या शब्दाशी बराच वेळ थांबले. हा शब्द पुसायची त्यांना सवय नव्हती. तो पुसून त्यांनी तिथे ‘आनंद’ लिहिलं.

सुचेताबाईंनी पिशवी खाली ठेवून मोठ्याने वाचलं, “सर्व सभासदांस कळविण्यास आनंद होतो की, आज रोजी राजीनामा झाला आहे.” त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. “अहो, याला काही अर्थ आहे का?”

“मराठीत नाही,” तिरोडकर म्हणाले आणि त्यांनी शेवटचा पूर्णविराम पुन्हा गिरवला.