इस्त्रीच्या टेबलावरचा दिवा

बटणावर धूळ होती. बोट फिरवलं तर रेघ उमटावी इतकी — आणि ती रेघ पाहत ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मागे धुण्याची यंत्रं घरघरत होती, दवाखान्याच्या मळक्या चादरींनी भरलेल्या गाड्या येत होत्या, आणि हातातल्या, इस्त्रीवाल्या मावशीच्या राजीनाम्यावर आज काम सुटण्याआधी विभागप्रमुख म्हणून तिला सही करायची होती.

हे बटण तिनंच बसवून घेतलं होतं. ते दाबलं की पार पलीकडे, मावशीच्या इस्त्रीच्या टेबलावर, लाल दिवा लागे. ऐकू न येणाऱ्या मावशीला कळे, की चहा आलाय, बैठक भरलीय, चला. केवढं कौतुक झालं होतं! माणसं सांभाळावीत तर हिनं, असं वरचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, आणि तीही — खोटं कशाला बोला — चार दिवस हवेत होती.

मावशीच्या राजीनाम्यात दोनच ओळी. ‘सगळे हसतात तेव्हा मीही हसते. सात वर्षं झाली, आता दमले.’

दमले... आपले बाबाही असेच दमले असतील, तिला वाटलं. कान गेल्यावर जेवताना ते एकेकाच्या तोंडाकडे बघत, "काय झालं गं? काय म्हणाला तो?" असं विचारत, आणि मी हातातला घास न थांबवता म्हणायचे, "काही नाही हो बाबा, असंच." असंच! पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि आम्हाला वाटलं, चला, झाली सवय त्यांना.

"हा दिवा शेवटचा कधी लावला होता रे?" तिनं यंत्रावरच्या माणसाला विचारलं.

"लावतो की! म्हणजे..." त्यानं डोकं खाजवलं. "कामाच्या रगाड्यात राहून जातं, मॅडम."

"आणि दिवा नव्हता तेव्हा?"

"तेव्हा काय, जाऊन खांद्याला हात लावायचा. मग दोन मिनिटं तिथंच मोडायची. मावशी नकला करायच्या एकेकाच्या. तुमचीसुद्धा!" तो हसला. "पाऊस, भूक, डोकेदुखी... बऱ्याच खुणा यायच्या मला."

"आता?"

"आता दिवा आहे ना."

तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण तिनं मान वळवून इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. वीस पावलं असतील इथून तिथवर. ती सगळ्यांची वाचवली कुणी? मीच. आणि वर टाळ्याही घेतल्या.

राजीनाम्याची घडी खिशात घालून ती निघाली. गाड्यांमधून, वाफेतून वाट काढताना वाक्यं जुळवत राहिली — राहा ना, माझं चुकलं, मलाही शिकवा — आणि टेबलाशी पोचता पोचता ध्यानात आलं, की आपल्या हातांना यातलं काहीच येत नाही. सात वर्षांत आपण दोनच खुणा शिकलो. चहा. आणि लवकर.

मावशी पाठमोरी होती, उशीच्या अभ्र्यावरून इस्त्री फिरवत होती. मागे उभं राहून तिनं हात उचलला, क्षणभर तसाच धरला, मग खांद्यावर ठेवला. खांदा वाटला होता त्याहून हाडकुळा निघाला.

मावशी दचकून वळली. आणि समोर मॅडम दिसताच, का, कशाला, काही कळायच्या आधीच, नेहमीसारखी हसली.

हसू नका, मावशी... हे हातांनी कसं म्हणायचं, ते तिला येत नव्हतं.